कंपनीचा बंगला

काल नातीनं शाळेसाठी मातीचा बैल केला. तिच्या ओल्या हातांचा वास आला आणि मी थेट कामशेतजवळच्या कौलांच्या कारखान्यात जाऊन पोचले. लग्नाआधी मी तिथं कामाला जायची.

मंदीचं साल होतं. कंपनीनं आमची मजुरी कापली आणि त्याच महिन्यात मोठ्या साहेबांसाठी लोणावळ्याला बंगला बांधायला काढला. त्याची कौलं आम्हीच थापत होतो. एका सकाळी साहेब ती बघायला शेडमध्ये आले. आम्ही बाया माना खाली घालून उभ्या राहिलो. माझ्या शेजारची हमीदामावशी मात्र बोलली.

“साहेब, मंदी हाय म्हनून आमची मजुरी कापली. मग बंगला कसा वो बांधताय?”

साहेब हसले. “बंगला माझा नाही, बाई. कंपनीचा आहे.”

“आन् आमी कुनाच्या हाय?”

साहेब कौलं न बघताच मोटारीकडे वळले. मुकादमानं मावशीला तिथल्या तिथं कामावरून काढलं. ती विधवा होती, पदरात लहान पोरं होती. तिनं हातातलं ओलं कौल जपून फळीवर ठेवलं आणि कोपरापर्यंतचा चिखल न धुताच आपल्या गावाची, कान्ह्याची वाट धरली. पुढं दारोदार बांगड्या विकून तिनं पोरं वाढवली.

आमची मजुरी कापलेलीच राहिली. साहेब मात्र पुन्हा कधी शेडमध्ये आले नाहीत. तेव्हा मला वाटायचं, रागावले असतील. आता वाटतं, ते घाबरले होते.