आमच्या चुलीचा धूर

"अठराविश्वे दारिद्र्य हो! पण स्वाभिमान केवढा!" बाई म्हणाल्या. दिवाणखान्यातल्या बायका एका सुरात म्हणाल्या, "अरेरे!"

माझी आई दाराशी बसली होती. पिंपरीत कारखाने नुकते येत होते. तिथल्या एका साहेबांच्या बंगल्यावर मी भांडी घासायचे. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बाईंनीच सांगितलं, "आईलाही घेऊन ये गं." आईने पेटीतलं लुगडं नेसलं. पाहुणी म्हणून आली.

आणि बाईंनी धुराचं सांगितलं. घरात दाणा नसला की आई चुलीवर नुसतं पाणी ठेवायची. शेजाऱ्यापाजाऱ्यांना धूर दिसावा म्हणून. 'गरीब' हा शब्द तिने कधी तोंडातून काढला नाही. "औंदा जरा वढाताण हाय," एवढंच म्हणायची. हे मी बाईंना एकटीला सांगितलं होतं. तेव्हा त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला होता. मला वाटलं, आपलं माणूस भेटलं. कसलं काय! चारचौघींत वाटायला त्यांनी ते जपून ठेवलं होतं.

आईने बाईंकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं.

मग वाण. सगळ्यांना पितळी करंडे. आईच्या पदरात मापभर ज्वारी.

"बिचारी," कुणीतरी म्हणालं.

ज्वारी! कारखान्यासाठी जमीन गेली तेव्हा पैसे मालकाला मिळाले. आम्ही कुळं, आमच्या हाती धुपाटणं. साहेबांचा बंगला आमच्याच रानात उभा होता. बाईंना तेही मीच सांगितलं होतं. ते मात्र त्यांनी गाळलं.

माझं डोकं फिरलं. आईच्या पदरातली ज्वारी मी बाईंसमोरच्या ताटात ओतली.

"धुराचं सांगितलंत. आता ह्या फरशीखाली कुणाची ज्वारी व्हती, त्येबी सांगा."



"कृतघ्न!" बाई ओरडल्या. इतका वेळ आम्ही बिचाऱ्या होतो.

वाटेत आई रडत होती. "आता गावात त्वांड कसं दावू?"

"उपाशी हाय म्हणून सांगू. कुणामुळं, त्येबी सांगू."

काम गेलं. ज्वारीही परत केली होती. घरी आल्यावर आईने सवयीने काटक्या मोडायला घेतल्या. मी तिच्या हातून काढून घेतल्या. चूल थंड ठेवली आणि दार सताड उघडलं. आमची भूक यापुढे मीच सांगणार. अर्धी नाही, रान गेलं तिथपासून.