ट्रकात बसून वेल्ह्याला गेलेली मोटारसायकल

"वहिनी, या रविवारी तुम्हाला बाईकवरून तोरण्याच्या पायथ्याशी नेतो," असं माझे धाकटे दीर म्हणाले आणि मी बावळटासारखी त्याच संध्याकाळी नवं हेल्मेट घेऊन आले. रविवारी सकाळी खाली उतरले तर सोसायटीच्या फाटकात एक ट्रक उभा. काळा कुळकुळीत, दारावर फणा काढलेला नाग, टपावर दिव्यांची माळ. मागे हौद्याच्या जागी सपाट फलाट आणि त्यावर सहा पट्ट्यांनी आवळलेली भाऊजींची भलीमोठी मोटारसायकल.

"आपण हिच्यावरून जाणार होतो ना?"

"हिला घेऊन जाणार. रस्त्यात खडी असते वहिनी, रंगाला चरे पडतात."

जुना ट्रक घेऊन असा बांधून घ्यायला त्यांना आठ महिने लागले. केबिनमध्ये चामड्याच्या खुर्च्या, मागे बिछाना, कॉफीचं यंत्रसुद्धा. मी हेल्मेट मांडीवर घेऊन एसीत बसले आणि भाऊजींनी ट्रक सुरू केला.

तुम्हाला जायचं असेल तर रस्ता सोपा आहे. सातारा हायवेने नसरापूर, तिथून उजवीकडे वेल्ह्याचा रस्ता. आम्हाला फाटा दिसला, पण ते धूड वेळेत वळेना, म्हणून आम्ही पुढच्या कामथडी गावाचंही दर्शन घेतलं आणि उलटे आलो. नसरापुरात मिसळ जरूर खा, शंभराच्या आत चहासकट पोट भरतं. हॉटेलवाल्या मावशी मात्र मिसळ वाढायची सोडून ट्रककडेच बघत होत्या.

"गाडी बिगाडली व्हय? कुठं न्हेताय दुरुस्तीला?"

"बिघडलेली नाही, नवीन आहे," भाऊजी म्हणाले.

"मंग चालवत का न्हाई?"

भाऊजींनी मिसळीत लिंबू पिळलं.

विंझर सोडल्यावर दोन्ही बाजूंना शेतं आणि समोर डोंगर, फार सुंदर रस्ता आहे. सुंदर आणि अरुंद. एका मोरीच्या वळणावर ट्रकचं मागचं चाक गटारात गेलं आणि ट्रक रस्ताभर आडवा झाला. तेवढ्यात वेल्ह्याकडून दुधाचा टेम्पो आला आणि आमच्या नागासमोर उभा राहिला. चालवणारे काका साठीचे असतील. त्यांनी खाली उतरून ट्रकला एक फेरी मारली.

"सायेब, नऊला डेअरी दूध घ्यायची थांबती. परवा बी उशीर झाला, दूध फाटलं, समदं परत आलं. आज बी फाटलं तर वाडीवरली लोकं माज्याकडं दूध घालायची न्हाईत."

तेव्हा सव्वाआठ वाजले होते. टेम्पोत चार कॅन होते आणि ऊन तापायला लागलं होतं. भाऊजी फोनवर क्रेन शोधत होते, ती पुण्याहून येणार होती. मला इतकी लाज वाटली की मी सरळ म्हटलं, "भाऊजी, बाईक उतरवा. दूध पोहोचवून या."

ते जवळ आले आणि हळूच म्हणाले, "वहिनी, टाकीत पेट्रोल नाहीये. चालवायची नव्हतीच ना. आणि खरं सांगू? इतकी जड गाडी खडीवर… मला भीती वाटते."

मला हसावं की रडावं कळेना. काकांना ते ऐकू गेलं, पण ते हसले नाहीत. त्यांनी बायकोपोरांसह चाललेल्या एका मोटारसायकलवाल्याला थांबवून बाटलीभर पेट्रोल काढून घेतलं, आणि टेम्पोच्या सीटखालून टायरची जुनी ट्यूब काढली. गाडी खाली आली. आम्ही तिघांनी कॅन ट्रकला वळसा घालून आणले. काकांनी त्या चकचकीत सीटवरून ट्यूब आडवी टाकून दोन्ही बाजूंना एकेक कॅन असा टांगला, की भाऊजींनी डोळेच मिटले.

"ट्यूब सरकती. कुनीतरी दाबून बसाया पायजे. ताई, बसता का?"

मी हेल्मेट घातलं आणि बसले. डेअरी चार किलोमीटर मागे, विंझरजवळ होती. काका ती गाडी आपल्या बैलासारखी निवांत हाकत होते, खड्डा आला की "जरा धरा" म्हणत. दोन खेपा झाल्या. शेवटचा कॅन काट्यावर चढला तेव्हा नऊला पाच मिनिटं होती. डेअरीतल्या माणसाने झाकण काढून वास घेतला, मान हलवली, आणि काकांनी टोपी काढून कपाळ पुसलं.

परतल्यावर त्यांनी किल्ली भाऊजींच्या हातात ठेवली. "गाडी चांगली हाय, सायेब. उगं बांधून ठिवू नका."

तोरणा आम्ही मोरीच्या कठड्यावर बसून, लांबूनच पाहिला. दुपारी क्रेन आली आणि भाऊजींनी गाडी पुन्हा सहा पट्ट्यांनी आवळली. तुम्ही जाणार असाल तर स्वारगेटहून एसटी पकडा. ती कुठेही अडकत नाही आणि तिला पॉलिश लागत नाही.

घरी आल्यावर हेल्मेट धुतलं, तरी आतला दुधाचा वास गेला नाही. मलाही तो जायला नको आहे. भाऊजींनी रात्री फेसबुकवर गाडीचा फोटो टाकला, खाली लिहिलं: "वेल्हे राईड पूर्ण!" शंभरेक जणांनी पसंतीचे अंगठे दिले. मी मात्र त्या फोटोतला मीटर मोठा करून पाहिला. सकाळी फाटकात पाहिलं तेव्हा गाडी आजवर अकरा किलोमीटर चालली होती. आता मीटरवर सत्तावीस होते. मधले सोळाच्या सोळा दुधाचे.