कोरे तीन दिवस

आमच्या ह्यांना बस डेपोत मिनिटसाहेब म्हणत. तोंडावर साहेब, पाठीमागे नुसतंच मिनिट. पस्तीस वर्षं ह्यांनी बसगाड्यांची वेळापत्रकं आखली. डेपोच्या वरच्या मजल्यावर, डिझेलच्या वासात, लांब टेबलावर चौकटींचा कागद अंथरलेला असायचा. आडवी वेळ, उभी अंतरं, आणि प्रत्येक गाडीची एक तिरकी रेघ. ड्रायव्हर वर येऊन भांडायचे, "साहेब, माणसाला बाथरूमला जायला तरी वेळ ठेवा." मग हे शेवटच्या थांब्यावर सहा मिनिटं जास्तीची ठेवायचे. वरचा अधिकारी ती खोडायचा. पुढच्या महिन्यात हे पुन्हा ठेवायचे. वाद नाही, आवाज नाही. असल्या स्वभावाचा मला राग येतो, आजही येतो.

माझं सगळं उलट. माझ्या पोटात काही राहत नाही. आणि जो बोलत नाही त्याला काही नकोच असतं, असं मी बत्तीस वर्षं धरून चालले.

रिटायर झाल्यावर ह्यांनी काढलं, की आपली गाडी घेऊन समुद्राकाठच्या रस्त्याने फिरून येऊ, आठ दिवस. जिथे लांबलांबून लोक गाडीच्या टपावर फळ्या बांधून सर्फिंगला येतात, तो किनारा. बसला पाच तास लागणारा रस्ता आणि ह्यांना आठ दिवस हवेत. मी म्हटलं, "गाडी ढकलत न्यायची आहे का?" हे हसले. जेवणाच्या टेबलावर कागद अंथरून आठ चौकोन आखले. पहिल्या दोन दिवसांत थांबे, शेवटच्या तीन दिवसांत थांबे. मधले तीन दिवस एकाच छोट्या किनाऱ्यावर मुक्काम, आणि चौकोन कोरे.

"हे भरायचे राहिले वाटतं," मी म्हटलं.

"असू दे तसेच."

"असू दे म्हणजे? तीन दिवस तिथे करायचं काय?"

"काही नाही," हे म्हणाले.

काय करायचं होतं ते मला मागच्या आठवड्यात कळलं. तुम्हाला आत्ताच सांगून टाकते. ह्यांना लाटेवर उभं राहायला शिकायचं होतं. अठ्ठावन्नाव्या वर्षी. निघण्याआधी चार महिने हे मागच्या खोलीत सतरंजीवर पालथे पडायचे आणि एका झटक्यात उठून उभे राहायचे. मला वाटलं, पोट कमी करतायत. मी दारातून म्हणायचे, "बेडूकराव, चहा झालाय." ह्यांनी मनातलं सांगितलं असतं तर मी हसले असते, हेही तितकंच खरं.

कोरी जागा मला बघवत नाही. मी फोन घेऊन बसले. त्या रस्त्यावर आपली माणसं कमी का होती? माझी आतेबहीण, जुनी शेजारीण, ह्यांचा चुलतभाऊ. सगळे म्हणाले, या या. दोन दिवसांत तिन्ही चौकोन भरले. शिवाय मागची सीट रिकामी जाणार, म्हणून ताईला, माझ्या थोरल्या बहिणीला, बरोबर घेतलं. हे पेन्सिलीने एकेक नाव, एकेक वेळ लिहीत गेले, त्याच सुबक अक्षरात. हूं की चूं केलं नाही. मी मनात म्हटलं, माझ्याशिवाय ह्यांचं पान हलत नाही.

आठ दिवस आम्ही लोकांच्या सोफ्यांवर बसलो. समुद्र पाहिला तो गाडीच्या काचेतून. तिसऱ्या दिवशी तो छोटा किनारा आला तेव्हा ह्यांनी गाडी बाजूला घेतली. म्हणाले, इंजिन तापलंय. समोर पत्र्याची शेड, शेडला टेकून ठेवलेल्या फळ्या. एक दाढीवाला माणूस ओल्या केसांनी आला आणि खिडकीशी वाकला.

"साहेब, तुम्हीच ना? सकाळपासून वाट बघतोय."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी घड्याळ बघत होते, आतेबहीण जेवायची थांबली होती. मागून ताई म्हणाली, "का गं थांबलो?"

"नाही, तुमचा काहीतरी घोटाळा होतोय," हे त्या माणसाला म्हणाले आणि गाडी सुरू केली.

"इतक्यात गार झालं इंजिन?" मी म्हटलं. ताई आणि मी पुढच्या वळणापर्यंत हसत होतो.

सहा महिन्यांनी ह्यांच्या कानात आतून काहीतरी बिघडलं. डॉक्टर म्हणाले, माणसाचा तोल तिथून सांभाळला जातो, आणि हे आता असंच राहणार. तेव्हापासून हे घरातसुद्धा भिंतीला हात लावून चालतात. अंघोळ स्टुलावर बसून. गाडी विकली.

मागच्या आठवड्यात हे अंघोळीला गेले होते आणि ह्यांचा फोन वाजला. मी घेतला. तोच दाढीवाला. तिथे सर्फिंग शिकवतो.

"वहिनी का? साहेब यंदा येतायत ना? मागच्या वेळी दुसऱ्या दिवशी फोन करून किती माफी मागितली त्यांनी. त्याआधी वर्षभर विचारत होते, भरती किती वाजून किती मिनिटांनी, पालथं पडून उठताना कुठला पाय पुढे. मी त्यांना म्हणायचो, साहेब, लाटेला वेळापत्रक नसतं."

ह्यांना काय झालंय ते मी त्याला सांगितलं.

तेव्हा तो म्हणाला, "तुमच्यासाठी खुर्ची सांगून ठेवली होती त्यांनी. सावलीत, पाठ टेकता येईल अशी. म्हणाले होते, तीन दिवस तिला कुणासाठी उठायला लागता कामा नये. चहासुद्धा तिच्या हातात आणून द्यायचा."

हे बाहेर आले, भिंत धरून. मी पुढे होऊन ह्यांना पलंगावर बसवलं, फोनचं सगळं सांगितलं आणि मग भांडलेच. "मला सांगायचं होतं ना एका शब्दाने. मी काय वैरीण होते तुमची?"

हे टॉवेलने केस पुसत राहिले. "सांगितलं असतं तर तू तिथेही कुणाला तरी बोलावलं असतंस," म्हणाले. चिडून नाही, हसतच.

मी रडले. ह्यांचं खोटं नव्हतं. कारण फोनवर त्या माणसाने खुर्चीचं सांगितलं तेव्हा माझ्या मनात पहिलं हेच आलं होतं, की एकच खुर्ची? मग ताई कुठे बसली असती?