भिंतीवरचा ताप

सेलूच्या कापसाच्या जिनिंगात मी गेटवर बसतो. तिथला फिटर रोज सकाळी मशीनच्या बेअरिंगवर तळहात ठेवायचा, अन् तंबाखूच्या चुन्याचा ठिपका भिंतीवर द्यायचा. ताप जास्ती तर ठिपका वर. मला वाचता बेताचंच येतं, पण ती भिंत मी वाचायचो.

यंदा मालकानं तापाची नोंद ठेवणारे तीन कंपन्यांचे डबे मागवले. फिटरला म्हणाले, "तूच निवड. पण डबा बसला की तुझ्या हाताचं काम संपलं."

मला वाटलं, गडी तिन्ही नापास करनार. त्यानं आठ दिवस पाहून, ज्याच्या पडद्यावरची तापाची रेघ ठिपक्यांशी जुळली तोच निवडला. "ह्यो खरं बोलायलाय," म्हणाला.

दुसऱ्या दिवशी पाहतो तर डब्यावरच हात ठेवून उभा!

"आता कशाला रे?"

"मामा, मशीनचा ताप ह्यो बघतो. ह्याचा कोन बघनार?"

चौथ्या दिवशी ठिपका द्यायला त्याला स्टूल लागलं. त्यानं मालकाला सांगितलं, तर ते नुसते हसले. पाचव्या दिवशी डबा जळाला.

कंपनीच्या माणसानं विचारलं, कधीपासून तापत होता? डब्यात त्याच्या स्वतःच्या तापाची नोंद न्हाई. शेवटी त्यानं भिंतीचा फोटो काढून नेला.

मालकानं नवा डबा मागवला, अन् फिटरला चुन्याची पुडी.