कमळाबरोबरची धाव

गंगाराम शिवलकरचं सगळं आयुष्य मालवाहू बोटींच्या इंजिनखोलीत गेलं. पाय मोकळे करायला तो रोज डेकवर पळायचा. पण तिथलं पळणं म्हणजे कठड्याकडेने गोल गोल फिरणं, आणि पायाखाली इंजिनाची अखंड धडधड. निवृत्त होऊन पालीजवळच्या आपल्या गावी आला आणि आठवड्याच्या आत एका सकाळी बूट बांधून घरामागच्या राईत शिरला.

ऐन-किंजळाची दाट झाडी, दवाने मऊ पडलेला पाचोळा, मध्येच डोकं काढणारा जांभा दगड. वाट वळली तरी पुढेच जात होती, राईतल्या देवळापर्यंत. वरून एक धनेश उडाला, त्याच्या पंखांचा आवाजसुद्धा लख्ख ऐकू आला. गंगाराम एकटाच हसला.

तेवढ्यात मागून हाक आली, "गंगाराम! काय झाला रे?"

शेजारचा धाकू हातात कोयती घेऊन काजूच्या बागेतून धावत येत होता. गंगाराम थांबेना, म्हणून तोही थांबेना. शेवटी दोघे देवळाच्या पायरीवर धापा टाकत बसले.

"वाघ लागला काय मागं?"

"नाही रे."

"मंग घरात कोणाला बरा नाय?"

"सगळे ठणठणीत आहेत. सहज पळतोय."

"सहज?" धाकूने कोयती खाली ठेवली. "सहज कोन पळतो काय?"

दुपारी गिरणीवर गंगारामच्या बायकोला, कमळाला, बायकांनी विचारलं, "नवऱ्यामागं वाघ लागला व्हता म्हणं?" ती हसत हसतच घरी आली.

"अहो, काय आहे एवढं त्या राईत?"

"शांतता. आपल्याच पावलांचा आवाज येतो."

"मग उद्या मीपण येते."

दुसऱ्या दिवशी कमळा पंजाबी ड्रेस आणि मुलीचे जुने बूट घालून निघाली. "दम लागला की सांग हं, थांबू," गंगाराम म्हणाला. ती नुसती "बरं" म्हणाली. वाटेतला पऱ्या, तो छोटा ओढा, ओलांडेपर्यंत त्याच्या मागे होती. मग चढ लागला आणि ती त्याच्या बाजूने पुढे निघून गेली. वळणावर तिची वेणी दिसली, मग तीही दिसेना. गंगाराम पोचला तेव्हा ती देवळापाशी चेहरा पुसत बसली होती.

"हे कधी शिकलीस?"

"शाळेत खो-खो खेळायचे. जिल्ह्यापर्यंत गेले होते."

"कधी बोलली नाहीस!"

"तुम्ही सुट्टीवर यायचात तेव्हा पाहुणे, देवदर्शनं, घराची डागडुजी. त्यात खो-खो कुठे सांगू?"

गंगाराम तिच्याकडे बघतच राहिला. इतक्या वर्षांचा संसार, आणि बायको अशी वाऱ्यासारखी पळते हे त्याला आज कळत होतं. त्याला जरा वाईट वाटलं, पण त्याहून जास्त मजा वाटली.

"आणखी काय काय सांगायचं राहिलंय?" त्याने विचारलं.

"बरंच," कमळा उठली. "पळता पळता सांगते."

आणि ती उताराला लागलीसुद्धा. ऐकायचं तर पळणं भाग होतं.