खुंटाचा नारळ

करंजाड्याहून निघालो त्या सकाळी बिल्डिंगची लिफ्ट बंद होती. तिसऱ्या मजल्यावरून दोन्ही बॅगा मी उतरवल्या आणि बाबा मागून एक नारळ घेऊन उतरले. शेंडीसकट. खाली टॅक्सीवाला हॉर्न मारत होता. आईने कपाळाला कुंकू लावलं आणि सुक्या जवळ्याची चटणी घेतलीस ना, असं परत परत विचारलं. बाबांनी माझ्या बॅगेची चेन स्वतः उघडली, शर्टांच्या मध्ये नारळ खुपसला आणि म्हणाले, "ज्याच्या पान्यान कमवशील, त्याला पयलं इचार."

मला हसू आलं. परदेशातल्या बंदरात क्रेन ऑपरेटरची नोकरी, सही-शिक्का झालेला करार. विचारायचं कुणाला? "बाबा, व्हिसा दिलाय त्यांनी," मी म्हणालो.

"व्हिसा सरकारचा. पानी कोनाचा, ता इचार." एवढं बोलून त्यांनी बाहेरून टॅक्सीचं दार लावलं.

आपल्या कोळीवाड्यांतले तुम्ही जे मागे राहिलात आणि जे माझ्यासारखे दुबई, सलाला, सिंगापूरच्या बंदरांत पांगलात, त्या सगळ्यांना आज लिहावंसं वाटलं. मी राहतो तो देश जिबूती. नकाशात बोटाच्या नखाखाली झाकून जाईल एवढा. आईला मी सांगितलं होतं, एडनच्या समोर. तिला एडन ठाऊक होतं. तिच्या आज्याच्या वेळी आपली माणसं गलबतावर तिकडे जायची. म्हणाली, "मंग लांब नाय."

आपल्यातल्या धाकट्यांना आता खुंट ठाऊक नसतील, म्हणून सांगतो. खाडीत डोल जाळं लावायचं तर तळाच्या चिखलात लाकडी खुंट मारावे लागत. ओहोटीच्या ओढीत जाळं त्यांना बांधलेलं राही. ज्या घराचा खुंट, त्या घराची जागा. त्याला ना सातबारा, ना कागद. कुणाला शेजारी नवा खुंट मारायचा असला, तर नारळी पौर्णिमेला तो शेजाऱ्याच्या दारात नारळ घेऊन यायचा. शेजाऱ्याने नारळ दोन्ही हातांनी घेतला की परवानगी मिळाली. पण ती एका सालाची. पुढच्या पौर्णिमेला परत यायचं, परत विचारायचं. आणि नारळ घेणाऱ्याने त्या सालात दिलेल्या जागेत आपलं जाळं टाकायचं नाही. आमच्या कोळीवाड्यात या रीतीवरून भांडणं झाली नाहीत असं नाही, पण रीत मोडली नाही कुणी.

मग खाडीत एका कंपनीची जेटी आली. आली ती गोड बोलतच. आधी गावदेवीच्या देवळाला रंग दिला, मग पोरांना बॅटी दिल्या, मग डोळ्यांचं शिबिर लावलं. आईचा पहिला चष्मा त्यातलाच. भूमिपूजनाच्या दिवशी कंपनीचे मोठे साहेब आमच्या अंगणात आले. गावातला वडीलधारा माणूस म्हणून त्यांनी बाबांना शाल दिली आणि हातात नारळ ठेवला. साहेबांच्या लेखी तो मान होता, फोटोपुरता. बाबांनी तो दोन्ही हातांनी घेतला. दिवस नारळी पौर्णिमेचा होता आणि साहेबांना त्यांच्या खुंटाशेजारी खुंट मारायचे होते. बाबांच्या लेखी याचा एकच अर्थ होता.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी तिथलं जाळं उचललं. गाव मोर्चा घेऊन तहसीलवर गेलं, तेव्हा बाबा घरी बसून होते. आईने विचारलं तर म्हणाले, "नारल घेतलाय मी. साल सरू दे." लोक म्हणाले, म्हातारा विकला गेला. शाळेतून येताना मलाही ऐकवायचे. तेव्हा बाबांचा राग येई. आता त्या वाक्याचा येतो. विकत घेतलं असतं तर निदान कुणीतरी काहीतरी मागितलं तरी असतं. बाबांनी फक्त शब्द दिला होता, तोही ज्यांना आपण शब्द घेतोय हे माहीतच नव्हतं अशा माणसांना.

साल सरलं. पौर्णिमेला बाबांनी धुतलेला सदरा घातला, दारासमोर येणाऱ्यासाठी पाट मांडला आणि वाट बघत बसले. कुणी आलं नाही. खाडीत तोवर आमच्या घराहून जाडजूड सिमेंटचे खुंट उभे राहिले होते. पुढे गाळ साचला, मासा गेला, रस्ता आला, त्या रस्त्यात घरही गेलं. जागा गेलेल्यांना सरकार देतं तो साडेबारा टक्क्यांचा प्लॉट करंजाड्यात मिळाला, त्यावर बिल्डरने बिल्डिंग उठवली आणि आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहायला आलो. पाटही आला. दर नारळी पौर्णिमेला बाबा तो फ्लॅटच्या दारासमोर मांडतात. आई भाकऱ्या थापता थापता म्हणते, "येतीन हां साहेब, लिफ्ट बंद हाय म्हनून खालीच अरकलेत." बाबा हसत नाहीत. सूर्य मावळला की पाट उचलतात.

हे सगळं मी विसरायला निघालो होतो, आणि पोचलो कुठे? तर अख्खं जग जिथे खुंट मारायला येतं त्या किनाऱ्यावर. इथल्या समुद्रातून तेल, धान्य, गाड्या, सगळं ये-जा करतं. म्हणून इथे पाय रोवायची सगळ्यांना घाई. विमानतळाला लागून अमेरिकेची छावणी. फ्रान्सचे लोक तर जुनेच, जुन्या मालकाच्या ऐटीत वावरणारे. जपानचाही तळ आहे. आमच्या बंदराच्या पलीकडे चीनच्या तळाची भिंत, तिच्यामागे त्यांच्या युद्धनौका. अमेरिका पहारा विकते, चीन व्यापार. एकाने आधी सैनिक आणले आणि मागाहून दवाखाने. दुसऱ्याने आधी रेल्वे आणली, कर्ज दिलं, बंदराला हात लावला आणि मागाहून सैनिक आणले. नवीन होतो तेव्हा कँटीनमध्ये यावर मी तावातावाने वाद घालायचो, की यातला कोण बरा. आपली युद्धनौका धक्क्याला लागली की माझीही छाती फुगते, खोटं कशाला बोलू? आपणही दुसऱ्यांच्या किनाऱ्यांवर बंदरं चालवतोच. आता वाद घालत नाही. क्रेनच्या केबिनमधून दोन्ही कुंपणं एकदम दिसतात आणि उंचावरून तारांचं कुंपण सारखंच दिसतं.

माझ्या शिफ्टला अब्दी म्हणून सोमाली गडी आहे. हिंदी बोलतो, सगळी सिनेमातली. त्यामुळे साधं पाणी मागतानासुद्धा त्याचा आवाज खर्जात जातो. त्याचे वडील रोबले मच्छीमार. बंदराच्या कडेला वाळूची एक छोटी पुळण आहे, तिथे त्यांच्या वस्तीच्या होड्या लागतात. त्या पुळणीवर या दोन्ही बड्या देशांचा डोळा आहे. एका देशाच्या वर्दीवाल्या डॉक्टरांनी वस्तीत येऊन डोळे तपासले. दुसऱ्या देशाच्या एका कंपनीने बर्फाचा कारखाना उभा करून दिला. अब्दी खूश होता. मला घरी जेवायला नेलं, तेव्हा रोबल्यांच्या नाकावर नवा चष्मा होता आणि माशाखाली बर्फ. मला आईचा चष्मा आठवला.

त्या दिवशी मी त्यांना बाबांची गोष्ट सांगितली. अब्दी सोमालीत सांगत गेला, म्हातारा ऐकत गेला. शेवटी एवढंच म्हणाला, "मलाही सगळे देतात. मागत कोणी नाही."

मी कितीतरी वर्षं जे शोधत होतो ते या माणसाने एका दमात सांगितलं. देणाऱ्याला वर राहता येतं. मागायला आलेल्याला आधी मान्य करावं लागतं, की जागा तुझी आहे.

आणि मग मला माझीच लाज वाटली. दर सुट्टीनंतर बाबा बॅगेत नारळ घालतात. आजवरच्या सगळ्या नारळांची मी चटणी केली, कालवणाला वाटण केलं. या खेपेचा तेवढा फोडायचा राहिला होता. दुसऱ्या दिवशी तो घेऊन मी पुळणीवर गेलो. रोबले जाळं सांधत होते. मी म्हणालो, "तुमच्या पाण्यावर मी पोट भरतो. तुमची ना नसेल तर अजून एक साल राहीन." अब्दी आधी हसला, मग माझं तोंड बघून सरळ झाला आणि साध्या आवाजात भाषांतर केलं. म्हाताऱ्याने हातातली सुई खाली ठेवली. कुणी सांगितलं नव्हतं, तरी नारळ दोन्ही हातांनी घेतला. म्हणाला, "पुढच्या वर्षी परत ये."

त्यानंतर रोबल्यांनी दोन्हीकडच्या साहेबांना निरोप धाडला: पुळण हवी असेल तर घरी येऊन मागा, आणि दरसाल येऊन मागा. बर्फ येतो आहे, डॉक्टर येत आहेत. उत्तर अजून आलेलं नाही. ते आलं नाही आणि यंत्रं आली, तर वर बसून ती उतरवणारा क्रेनवाला मीच असेन. हे रोबल्यांनाही ठाऊक आहे. तरी त्यांनी नारळ परत केला नाही.

आज नारळी पौर्णिमा. सुट्टी घेऊन मी घरी व्हिडिओ कॉल लावला. बाबा धुतलेल्या सदऱ्यात खुर्चीवर होते, समोर पाट. मी रोबल्यांचं सांगितलं.

"दोनी हातांनी घेतला?" बाबांनी विचारलं.

"दोन्ही."

"काय बोल्ला?"

"पुढच्या वर्षी परत ये, बोलले."

बाबांनी वाकून समोरचा पाट हाताने पुसला. मग म्हणाले, "त्याला रीत ठावं हाय. चुकू नको. आमचेकरं येनारे चुकले, म्हनून तू चुकू नको."

मला रडू आलं. गाव गेलं, खाडी गेली, करंजाड्याचा फ्लॅट कधी माझा वाटला नाही. तरी आज घर कुठे म्हणून विचारलंत, तर मी त्या पाटाकडे बोट दाखवीन. आत येण्याआधी विचारावं लागतं असं आमचं काहीतरी अजून शिल्लक आहे, असं मानणारा माणूस तिथे बसला आहे.

स्वयंपाकघरातून आई ओरडली, "उचला आता तो पाट, नि जेवाला बसा."

"दिस हाय अजून," बाबा म्हणाले. मला वाटलं, आता फोन ठेवतील. त्यांनी तो पाटाशेजारी भिंतीला टेकवून उभा केला, दाराकडे तोंड करून. मग सूर्य मावळेपर्यंत आम्ही दोघंही दाराकडे बघत बसलो.