मल्लम्माच्या हाताची वीज

युसूफ वडगावच्या बाजारात विश्वेश्वरअप्पांनी चाळीस वर्षं डोळ्याला भिंग लावून घड्याळं दुरुस्त केली. हात हलला की आपोआप चावी मिळणारी जुनी घड्याळं त्यांची भारी लाडकी. बायकोचे, मल्लम्माचे, कान गेले आणि घरात कानाचं मशीन आलं. पण त्याचा सेल लाईटीवर भरायचा आणि गावची लाईट अशी लहरी, की ऐन गप्पांच्या रंगात मशीन मुकं व्हायचं. मग अप्पांनी त्या घड्याळांवरूनच एक कडं घडवलं. आत सरकतं चुंबक, भोवती तांब्याची तार आणि मशीनचा इवलासा सेल. मल्लम्मा ते मनगटात घालून भाकरी थापायची. चुंबक नाचायचं, सेल भरायचा. तो मशीनमध्ये घातला की झाले कान उघडे!

"मावशे, नवऱ्याचं ऐकायला एवड्या भाकरी?" शेजारची बायनाबाई चिडवायची.

"त्यांचं कोण ऐकतंय माय? तुज्या चहाड्या ऐकायला थापते!"

पोळ्यानंतर मल्लम्माचं उजवं अंग गेलं. जीभ जड झाली, हात लाकडासारखा. डॉक्टर म्हणाले, "उमेद ठेवली तर हात हलेलही. बोलत राहा त्यांच्याशी."

अप्पा रोज सकाळी तिच्या उजव्या मनगटात कडं चढवू लागले. हात धरून शंभरदा वरखाली करायचे. एवढ्या संथ हालचालीनं सेल कुठला भरायला! मग अप्पा सेल दुकानात नेऊन गुपचूप लाईटीवर भरायचे आणि मशीन तिच्या कानात घालून सांगायचे, "बघ, लई जोर आलाय हाताला. तुज्याच हाताची वीज हाय ही." मल्लम्मा अर्ध्या ओठानं हसायची. दुसऱ्या दिवशी अप्पांच्या आधी तीच कड्याकडे बोट दाखवायची.

सहा आठवडे असे गेले आणि गावचा विजेचा डीपी जळून लाईट गेली. दुसऱ्या दिवशी मशीन मुकं झालं.

मल्लम्मानं डाव्या हातानं उजवा उचलला, हलवला. पुन्हा हलवला. घामाघूम झाली. मशीन कानात घातलं, काढलं. मग तिनं डोक्यावरच्या बंद पंख्याकडे पाहिलं आणि तिथून नवऱ्याकडे.

अप्पांची मान खाली गेली. खरं सांगायचं तरी तिला ऐकू कुठं येत होतं! त्यांनी कडं स्वतःच्या मनगटात घातलं आणि दुपारपासून दिवेलागणीपर्यंत रिकाम्या हवेत भाकरी थापत बसले. सेल थोडा भरला. मशीन तिच्या कानात बसवून ते म्हणाले, "मल्लम्मा, चुकलं गं माजं. तुला उमेद यावी म्हणून..."

"माजा हात..." ती जड जिभेनं म्हणाली, "हलतच न्हाई?"



तिनं मशीन काढलं, त्यांच्या तळहातावर ठेवलं आणि डाव्या हातानं त्यांची मूठ मिटवली. तिसऱ्या दिवशी लाईट आली. मल्लम्मानं मशीन पुन्हा कधी मागितलं नाही.